गटचर्चेसाठी सहभागी मिळवून देणारी सेवा : संख्या पूर्ण, निवड अपुरी

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाच्या वरच्या आहाराविषयी आरोग्यशिक्षणाचा एक गुणात्मक अभ्यास आम्ही जव्हार-मोखाडा भागात हाती घेतला होता. सहभागी माता शोधण्यापासून शब्दांकनापर्यंतचे काम एका खासगी क्षेत्रसंस्थेकडे सोपवले होते. असे काम बाहेर देण्याच्या विचारात असलेल्या संशोधकांसाठी हा अभिप्राय.

व्यवस्थेबाबत तक्रार नाही. गटचर्चा ठरल्या वेळी सुरू झाल्या, संमतीपत्र प्रत्येकीला वाचून दाखवले गेले आणि शब्दांकन करणाऱ्यांनी वारली व कोकणा बोलीतील शब्द प्रमाण मराठीत न घोटता जसेच्या तसे ठेवले, ही दाद देण्यासारखी गोष्ट आहे.

अडचण निवडीत आहे. आमच्या आराखड्यात हेतुपूर्वक नमुना निवड होती. बाळाचे वय, पाड्याचे रस्त्यापासूनचे अंतर आणि हंगामी स्थलांतर या निकषांवर वैविध्य हवे होते. संस्थेने मात्र आशा सेविकांकडून नावे घेतली आणि महिलांना बोलावून आणण्याचे कामही त्यांच्यावरच टाकले. आशाताईंचा यात दोष नाही. ज्या हाकेच्या अंतरावर राहतात आणि एरवीही अंगणवाडीत येतात, त्यांनाच त्या आणणार. एका गटात वरचे अन्न कधी सुरू केले असे विचारताच भिंतीवरच्या तक्त्यातला मजकूर जवळपास शब्दशः ऐकू आला, आणि उत्तर देणारीची नजर दाराशी उभ्या असलेल्या आशाताईंकडे होती. त्यात क्षेत्रकार्यासाठी जानेवारी निवडलेला. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबे तेव्हा गावात नसतात, म्हणजे स्थलांतराचा निकष कागदावरच राहिला.

संस्थेच्या अहवालात ‘बाराव्या मुलाखतीत संपृक्तता साधली’, म्हणजे त्यापुढे नवे मुद्दे निघेनासे झाले, असे वाक्य आहे. बाराचा हा आकडा गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या 2006 मधील लेखामुळे रूढ झाला. घाना आणि नायजेरियातील 60 मुलाखतींच्या विश्लेषणावर तो आधारलेला आहे. पण तिथले सहभागी बऱ्याच अंशी एकसारखे होते आणि प्रश्नही ठरावीक होते. एकाच पाड्यातल्या, एकाच आशाताईंच्या ओळखीच्या बायकांकडून नवे काही निघेनासे झाले, तर त्यातून निवड अरुंद होती एवढेच कळते.

गुणात्मक अभ्यासांच्या अहवालासाठी 2007 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोरेक’ या 32 मुद्द्यांच्या यादीत सहभागी कसे निवडले, त्यांच्याशी संपर्क कसा साधला, किती जणांनी नकार दिला किंवा मध्येच सोडले आणि का, हे विचारलेले आहे. नकारांची नोंद मागितल्यावर आम्हाला उपस्थितीपत्रक पाठवण्यात आले. चहा-नाश्त्याचा हिशेब मात्र बिलात तपशीलवार होता.

सभागृह, वाहन, ध्वनिमुद्रण आणि शब्दांकन यांसाठी ही सेवा घ्यायला हरकत नाही. दरही वाजवी आहेत. निवडीचे काम द्यायचेच असेल, तर नकारांची नोंदवही आणि प्रत्येक सहभागीपर्यंत कोणामार्फत पोहोचले याची नोंद करारातच घालून घ्यावी आणि शेवटचा हप्ता त्या नोंदी हाती आल्यावरच द्यावा. आमच्या पुरवणी मुलाखती जादा आकार न घेता करून देण्याचे संस्थेने मान्य केले आहे. भट्ट्यांवरची कुटुंबे परतल्यावर, पावसाच्या तोंडावर त्या होतील. यादी मात्र या वेळी आम्ही स्वतः पाड्यांवर फिरून करणार आहोत.