परातीची पायी फेरी: गाईड चांगले, वेळ मात्र तिथी बघून घ्या

ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या पराती या जुन्या गावाला तिथली माणसं 'पराची' म्हणतात. चोर्ला घाट उतरून पणजी गाठायची सवय असलेल्या बेळगाव-खानापूरच्या माणसाला पांढऱ्या भिंती, रंगीत चौकटी आणि पोर्तुगीज चर्च यांचं फारसं अप्रूप वाटणार नाही. पणजीतली फोंतेन्यास ही जुनी पोर्तुगीज वस्ती बघून झालेली असते. परातीत बघायचं ते पायाखाली. त्या हिशेबानं जुन्या गावाच्या दोनेक तासांच्या पायी फेरीला पाचपैकी चार.

रस्त्याच्या फरसबंदीला तिथं 'पे-द-मोलेक' म्हणतात, म्हणजे पोराचं पाऊल. गूळ-शेंगदाण्याच्या चिक्कीचंही तेच नाव, आणि ती चिक्की गल्लीतल्या हातगाड्यांवर मिळते. दगड लहानमोठे, गोलसर, चिक्कीत दाणे बसावेत तसे वेडेवाकडे बसलेले. रस्ता कडेला उंच, मध्ये पन्हळीसारखा खोलगट. उंबरे रस्त्याहून वर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी समुद्राकडच्या गल्ल्यांत शिरतं, पन्हळीतून फिरतं आणि ओहोटीला घाण घेऊन बाहेर पडतं. खेचरांचे तांडे याच रस्त्यांवरून जायचे, त्या काळात ही फुकटची झाडलोट होती.

एक गुण कापला तो इथंच. फेऱ्या ठरलेल्या वेळेला सुटतात, भरती असो वा ओहोटी. कोरड्या गल्लीत उभं राहून 'इथं पाणी येतं' एवढं ऐकायचं, तर त्यात काय मजा? कॅलेंडरात पौर्णिमा-अमावास्या बघा. मोठं उधाण बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांनी असतं. ब्राझीलचं घड्याळ आपल्या साडेआठ तास मागे, त्यामुळे तिथी एका दिवसानं हुकू शकते. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातून घ्या आणि मगच फेरी ठरवा.

इतिहास मात्र गाईड नीट सांगतात. 1667 मध्ये गावाला स्वतंत्र दर्जा मिळाला. डोंगरापलीकडच्या मिनास जेराइस प्रांतात सोनं सापडल्यावर ते आदिवासींच्या जुन्या पायवाटेनं डोंगर उतरून इथं यायचं आणि जहाजानं रिओला जायचं. वाटेत चाचे टपलेले. मग अठराव्या शतकात थेट रिओला जाणारा नवा मार्ग झाला आणि पराती बाजूला पडलं. हायवेला बायपास निघाला की जुन्या रस्त्यावरच्या खानावळींचं जे होतं, तेच. पुढे कॉफीनं थोडे दिवस तारलं, पण 1877 मध्ये रिओ-साओ पाउलो रेल्वे झाली, 1888 मध्ये गुलामगिरी संपली आणि गाव ओस पडलं. जुनं पाडून नवं बांधायला पैसाच नव्हता, म्हणून घरं तशीच राहिली. 2019 पासून युनेस्कोच्या यादीत नाव आहे.

चर्च चार, आणि चारही बघा. सांता रिता (1722) मुक्त झालेल्या मिश्रवंशीयांचं, रोझारिओ (1725) गुलामांचं, दोरेस (1800) प्रतिष्ठित गोऱ्या बायकांचं आणि मुख्य रेमेदिओस गोऱ्या लोकांचं. देव एक, पंगती चार. सांता रिताचा फोटो काढून पुढे पळवणारा गाईड असेल तर त्याला थांबवा. कोपऱ्यावरच्या खांबांत फ्रीमेसन या गुप्त मंडळाच्या खुणा दाखवतात, ते ऐकून सोडून द्यायचं.

जीपच्या टूरला पाचपैकी अडीच. धबधबे आणि काशासाच्या (तिथल्या उसाच्या दारूच्या) भट्ट्या एकाच दिवसात कोंबलेल्या. खरं तर ऊसपट्ट्यातल्या माणसानं एकच भट्टी निवांत बघावी. काशासा ताज्या उसाच्या रसाची, मळीची नव्हे. तांब्याच्या भांड्यातून आधी येणारा भाग आणि शेवटचा भाग वेगळे काढतात, मधला तेवढा पिण्यासाठी. पहिल्या भागात मिथेनॉलसारखे घातक पदार्थ जास्त, शेवटच्याला उग्र वास. परातीच्या काशासाला 2007 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

जाताना चाकांची बॅग नको. जुन्या गावात गाड्यांना बंदी आणि त्या दगडांत चाकं अडकून मोडतात, म्हणून पाठीवरची पिशवी आणि जाड, सपाट तळाचे बूट. ओल्या दगडावर चपलेचा भरवसा नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी दोन तासांची फेरी एका दमात करू नये, व्हीलचेअरला तर हे रस्ते अवघडच. डिसेंबर ते मार्च धो धो पाऊस, दरडींनी रस्ता अडतो. मे ते सप्टेंबर ठीक. रिओहून बसला साधारण साडेचार तास.

शाकाहाऱ्यांनी 'सें कार्ने' (मांसाशिवाय) एवढ्यावर थांबू नये. कार्ने म्हटलं की बऱ्याच जणांना फक्त गोमांस कळतं. डुक्कर, कोंबडी, मासा वेगवेगळं विचारा, विशेषतः काळ्या घेवड्याच्या आमटीत आणि भाजलेल्या पिठात.

पिवळ्या तापाची लस प्रवासाआधी किमान 10 दिवस हवी. ब्राझीलहून परतताना ते कार्ड नसेल तर विमानतळावरून 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात पाठवू शकतात. बेळगावकरांना लशीसाठी मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय सोयीचं; लस कोणत्या वारी देतात ते आधी फोन करून विचारा.