ऑनलाइन मागवलेलं सेफ्टी किट: काही महिने रगडून वापरल्यानंतर

सेफ्टी शूज, कट रेझिस्टंट ग्लोव्हज, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, हेल्मेट आणि गॉगल, हा सगळा सेट बरेच महिने रोज अंगावर आहे. काम फॅब्रिकेशनचं आणि शेड उभारायचं, म्हणजे ग्राइंडर, पत्रा, अँगल, शिडी सगळं आलंच. सगळं ऑनलाइनच घेतलं, वेगवेगळ्या सेलरकडून. ब्रँडची आणि सेलरची नावं मुद्दाम टाकत नाहीये, कारण त्याच लिस्टिंगवर आज भलताच कोणीतरी विकतोय, त्याचं पुढं सांगतो. घालायला आरामशीर आहे का, डिलिव्हरी वेळेत आली का, हे सांगणारे रिव्ह्यू ढिगानं पडलेत, ते तिथं वाचा. मला बोलायचंय ते 'सर्टिफाइड' या शब्दाबद्दल, कारण तो प्रत्येक वस्तूच्या पानावर होता आणि वस्तू हातात आल्यावर प्रत्येकाची गोष्ट वेगळी निघाली.

बुटांपासून सुरू करतो. लिस्टिंगवर एस३ (सेफ्टी शूजचा एक दर्जा) लिहिलेलं, आणि बुटाच्या जिभेच्या आत लेबलवर पण ईएन आयएसओ २०३४५:२०११ एस३ एसआरसी (म्हणजे युरोपियन स्टँडर्डचा नंबर, त्याची आवृत्ती, दर्जा आणि घसरण्याच्या टेस्टची खूण), बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, साइज, मॉडेल नंबर आणि कुठल्या महिन्यात-वर्षात बनला ते, सगळं व्यवस्थित. हे लेबलच खरं, बॉक्सवरचं सोनेरी स्टिकर नाही. २०३४५ असेल तर बोटांवरची पुढची टोपी २०० ज्यूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसते, २०३४६ असेल तर आघाताची टेस्ट १०० ज्यूलचीच, आणि २०३४७ ला तर टोपीची अटच नाही, पण लिस्टिंगवर तिन्हींना 'सेफ्टी शूज' म्हणून विकतात आणि आकड्यात एकाच अंकाचा फरक असल्यामुळे घाईत कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या पायावर एकदा लोखंडी चॅनेलचा तुकडा पडला, बोटं शाबूत, टोपी आतून जराशी दबलेली वाटली म्हणून तो जोड तिथंच बाद केला. टोपी एकदा मार खाल्ली की तिचं काम झालं, बाहेरून कितीही ठणठणीत दिसू दे.

तळाचं पण बघा. एस३ मध्ये खिळा रोखणारा थर असतो, तो स्टीलचा किंवा कापडी. कापडी हलका आणि वाकतो छान, पण बारीक खिळ्याला स्टीलइतका अडवेलच असं नाही, आणि २०११ च्या टेस्टमध्ये एकाच जाडीचा ४.५ मिमीचा खिळा असल्यामुळे हा फरक लेबलवर दिसायचाच नाही. २०२२ च्या आवृत्तीत तो वेगळा काढलाय, एस३एल म्हणजे तोच ४.५ मिमीचा जाड खिळा आणि एस३एस म्हणजे ३ मिमीचा बारीक, आणि नुसतं एस३ असेल तर थर धातूचा. शेडच्या कामात पायाखाली सेल्फ ड्रिलिंग स्क्रू पडलेले असतात, त्यामुळे पुढचा जोड मी एस३एस किंवा धातूवालाच घेणार. आणि बनवल्याची तारीख का बघायची, तर पीयूचा (पॉलीयुरेथेनचा) सोल नुसता गोडाऊनमध्ये पडून पडून पण हवेतल्या दमटपणानं आतून सडतो, मग नवाकोरा बूट काही दिवसांत तळातून भुगा व्हायला लागतो आणि आपण शिव्या मात्र कंपनीला घालतो.

आता खरी गंमत. जोड आवडला म्हणून त्याच लिस्टिंगवरून आमच्यातल्या एकासाठी परत ऑर्डर केला. तेच पान, तेच फोटो, तेच स्टार, माझा स्वतःचा रिव्ह्यू पण खाली दिसतोय. आलेला बूट दिसायला जवळपास तसाच, पण जिभेच्या आत फक्त 'स्टील टो' आणि सीई (युरोपच्या नियमात बसतो असं सांगणारी खूण), ना स्टँडर्डचा नंबर, ना बनवणाऱ्याचा पत्ता, ना तारीख. झालं काय, तर लिस्टिंग एक आणि सेलर अनेक, 'कार्टमध्ये टाका' दाबलं की त्या दिवशी ज्याचा नंबर वर असेल त्याचा माल येतो. म्हणजे हजारो लोकांचे स्टार हे त्या पानाचे आहेत, तुमच्या हातातल्या जोडीचे नाहीत. काही लिस्टिंगवर तर वेगवेगळी मॉडेलं रंगाचे पर्याय म्हणून एकत्र चिकटवलेली असतात आणि साध्या स्पोर्ट शूजचे रिव्ह्यू सेफ्टी शूजच्या खाली मिरवत असतात. हे कळल्यापासून रिव्ह्यूमध्ये मी फक्त लोकांनी टाकलेले लेबलचे फोटो शोधतो, बाकी वाचत नाही.

सेलरला विचारलं की बाबा सर्टिफिकेट पाठव. पहिल्यांदा आलं आयएसओ ९००१, ते कारखान्याच्या कारभाराचं असतं, बुटाशी त्याचा काही संबंध नाही. परत विचारलं तर चामड्याच्या केमिकल टेस्टचा रिपोर्ट, तो पण दुसऱ्याच मॉडेलचा. तिसऱ्यांदा आलं ते खरंच टाइप एक्झामिनेशनचं (मॉडेलचा नमुना तपासून बाहेरची संस्था देते ते) सर्टिफिकेट होतं, पण युरोपच्या जुन्या ८९/६८६ डायरेक्टिव्हखालचं, आणि ती सर्टिफिकेटं २१ एप्रिल २०२३ नंतर चालत नाहीत. सीईचा सध्याचा नियम म्हणजे युरोपचा २०१६/४२५, तो २१ एप्रिल २०१८ पासून लागू आहे, आणि त्याखालचं सर्टिफिकेट जास्तीत जास्त पाच वर्षांचं. त्यामुळे पीडीएफ आली की तीन गोष्टी बघतो: मॉडेल नंबर लेबलशी जुळतो का, तारीख जिवंत आहे का, आणि देणारी संस्था नॅन्डो नावाच्या युरोपियन यादीत या कामासाठी आहे का. ती यादी फुकट उघडते. सेलरनं शेवटी पैसे परत केले, पण लिस्टिंग तशीच चालू.

एक समज मात्र डोक्यातून काढा. सीईची अक्षरं जवळजवळ असली की 'चायना एक्सपोर्ट' आणि लांब असली की खरं, असं फॉरवर्ड फिरतं, तसला वेगळा अधिकृत मार्क अस्तित्वातच नाही. अक्षरांतलं अंतर चुकलंय म्हणजे छापणारा निष्काळजी आहे एवढंच कळतं, आणि नक्कल करणारा अंतर बरोबर पण छापू शकतो की. चार आकडी नंबरचं पण तसंच अर्धवट ऐकून लोक गोंधळ करतात. सीईशेजारी चार आकडे हे कॅटेगरी तीनला लागतात, म्हणजे उंचीवरून पडणं, श्वासाचे मास्क, कानाला इजा करणारा आवाज असल्या जिवावरच्या किंवा कायमच्या इजेच्या गोष्टींना, जिथं बाहेरची संस्था उत्पादनावर पण लक्ष ठेवते. साधे सेफ्टी शूज कॅटेगरी दोनमध्ये येतात, त्यावर आकडे नसले म्हणून बोगस म्हणू नका. उलट हार्नेसवर (उंचीवर काम करताना अंगाला बांधायच्या पट्ट्यावर) ते आकडे नसतील तर पुढं बघायचंच नाही. हार्नेस मी तसाही मार्केटप्लेसवरून घेत नाही, 'ओपन बॉक्स' म्हणून परत आलेला पट्टा कोणी काय करून परत पाठवलाय ते कोण सांगणार.

आणि सीई हीच काही एकमेव खूण नाही. आयएसआय मार्कवाल्या बुटावर आयएस १५२९८ (भारतीय स्टँडर्डचा नंबर) आणि सीएम/एल नंबर (लायसन्सचा) असतो, तो लायसन्सचा नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की लायसन्स कोणाचं आणि चालू आहे का ते लगेच दिसतं. ही सोय सीईला नाही, तिथं कागदच मागावे लागतात.

ग्लोव्हज. लिस्टिंगवर मोठ्या अक्षरात 'लेव्हल ५ कट प्रूफ'. पहिलं म्हणजे कट प्रूफ असं काही नसतं. दुसरं म्हणजे ईएन ३८८ (ग्लोव्हजचं युरोपियन स्टँडर्ड) च्या चिन्हाखाली माझ्या जोडीवर ४५४३सी आहे: घासणं ४, कट ५, फाटणं ४, टोचणं ३, आणि शेवटचं अक्षर सी. त्यातला दुसरा आकडा म्हणजे तो गाजवलेला ५, तो गोल ब्लेड फिरवून काढतात, पण ग्लास फायबर किंवा स्टीलचा धागा असला की ब्लेडच बोथट होतं आणि आकडा फुगतो. म्हणून २०१६ च्या आवृत्तीत सरळ ब्लेडची वेगळी टेस्ट आणली, तिचं अक्षर ए ते एफ. सी म्हणजे १० न्यूटन, म्हणजे मधलाच. पातळ पत्र्याला पुरला, जाड प्लेटच्या ताज्या कापलेल्या कडेला मी डी किंवा ई घालतो. यात अजून एक घोळ, अमेरिकन ए४ बघून लोकांना वाटतं की युरोपचा ए, तर तसं नाही, अमेरिकन ए४ म्हणजे १५०० ग्रॅम, तो युरोपच्या डी च्या आसपास जातो, युरोपचा ए सगळ्यात खालचा. टिकायला म्हणाल तर तळहाताचं कोटिंग बोटांच्या टोकाशी लवकर गेलं, आणि कोटिंग गेल्यावर ते चार आकडे त्या ग्लोव्हचे राहत नाहीत, ते नव्याचे होते.

जॅकेटवर मी सगळ्यात जास्त वैतागलोय. 'क्लास ३' (सगळ्यात वरचा) म्हणून विकलेलं, आणि आलं बिनबाह्यांचं वेस्ट! ईएन आयएसओ २०४७१ या जॅकेटच्या स्टँडर्डमध्ये क्लास ३ ला ०.८० चौरस मीटर चमकतं कापड आणि ०.२० चौरस मीटर रिफ्लेक्टिव्ह पट्टी लागते, शिवाय बाह्या नाहीतर पूर्ण पँटचे पाय, नुसत्या वेस्टला तो क्लास मिळूच शकत नाही. लेबलवर किती धुण्यांपर्यंत टिकेल हे पण नव्हतं. थोड्याच धुण्यांत पट्टीला भेगा गेल्या, संध्याकाळी टॉर्च मारून बघितलं तर शेजारच्याची पट्टी लखलखते आणि माझी राखाडी. काळ्या-करड्या कपड्यावर दोन पट्ट्या शिवून 'हाय विझ' (लांबून उठून दिसणारं) म्हणतात त्याच्या तर नादालाच लागू नका, मूळ कापडाला या स्टँडर्डमध्ये तीनच रंग चालतात, फ्लोरोसंट पिवळा, नारिंगी-लाल आणि लाल.

हेल्मेट ठीक निघालं, ईएन ३९७ (कामाच्या हेल्मेटचं स्टँडर्ड), आतमध्ये साच्यातच उमटवलेलं, बाणानं बनवल्याची तारीख दाखवणारं घड्याळ. ऑनलाइन शोधताना ईएन ८१२ च्या बम्प कॅप मध्येच दिसतात, दिसायला स्मार्ट, हलक्या, पण त्या आपलं डोकं पाइपला आपटलं तर त्यासाठी, वरून पडणाऱ्या वस्तूसाठी नाहीत. उंचीवर असाल तर चिन स्ट्रॅपचं (हनुवटीखालच्या पट्ट्याचं) पण विचारा. ३९७ चा पट्टा १५० ते २५० न्यूटनला मुद्दाम सुटतो, अडकून गळा आवळू नये म्हणून, आणि गिर्यारोहणाच्या हेल्मेटच्या ईएन १२४९२ चा किमान ५०० न्यूटनपर्यंत धरून ठेवतो, पडताना हेल्मेट डोक्यावर राहावं म्हणून. दोन्ही एकाच पट्ट्यात देतो म्हणणारी लिस्टिंग बघितली, सेलरला विचारलं की पट्टा अदलाबदल होतो का, तर उत्तर आलं, 'येस सर, बेस्ट क्वालिटी.'

गॉगलबद्दल तक्रार नाही. झेड८७+ (गॉगलच्या अमेरिकन स्टँडर्डची खूण, प्लस म्हणजे जोराच्या आघाताची टेस्ट झालेला) काचेवर पण आणि फ्रेमवर पण उमटवलेलं आहे, ग्राइंडिंगला रोज वापरतो, ओरखडे पडल्यामुळे काच बदलायला आलीय, आणि सुटी काच मागवताना तिच्यावर पण प्लसचं चिन्ह आहे का ते फोटो झूम करून बघतोय. दोन सेलरच्या फोटोत ती कडाच कापलेली आहे, तिसऱ्याला मेसेज टाकलाय.