संत्रं बसतं का, ते आधी बघा: पितळी कटोऱ्यांच्या संचाची रस्त्यावरची परीक्षा

तीन कटोऱ्या, चार गोळ्या, एक जादूची कांडी, मखमली पिशवी आणि चार पानांचं पत्रक. जादूच्या सामानाच्या दुकानांत आणि ऑनलाइन हा पितळी संच साधारण दीड-दोन हजारांत मिळतो. एकाच घाटाचा माल वेगवेगळ्या डब्यांतून विकला जातो, त्यामुळे डब्यावरच्या नावापेक्षा मापं महत्त्वाची. वाढदिवसाच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, समोर बसलेल्या वीस मुलांसाठी हा संच उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. इथे प्रश्न रस्त्याचा आहे. नागपुरात बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत, फुटाळा तलावाच्या वाऱ्यात, तिन्ही बाजूंनी वाकून बघणाऱ्या पोरांसमोर तो किती चालतो?

खेळ सगळ्यांना माहीत आहे. तीन उपड्या कटोऱ्या, त्यांच्याखालून गायब होणाऱ्या आणि भलतीकडेच सापडणाऱ्या गोळ्या, आणि शेवटी कटोरी उचलली की तिथे असूच शकत नाही अशी मोठी वस्तू. खेळ फार जुना आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने पहिल्या शतकातल्या एका पत्रात त्याचा दाखला दिला आहे आणि म्हटलं आहे की यात फसण्यातच मजा, युक्ती कळली की रस गेला. म्हणून इथेही युक्ती फोडलेली नाही. भांड्यांबद्दल मात्र मोकळेपणाने बोलता येतं.

नागपुरात ती शेवटची मोठी वस्तू संत्रंच असायला हवी. लिंबू निघालं तर लोक मान डोलावतात. संत्रं निघालं की हसतात, आणि हसलेला माणूस खिशात हात घालतो. त्यामुळे या संचाची खरी परीक्षा एकच: मध्यम आकाराचं संत्रं आत जातं का, आणि कटोरी उचलल्यावर आपोआप खाली राहतं का?

इथेच संच मार खातो. कटोरीची उंची साडेसात सेंटिमीटर, तोंड बाहेरून मोजलं तर सात. कागदावर ठीक. पण काठाची गोल वळी बनवणाऱ्याने आतल्या बाजूला वळवली आहे, त्यामुळे तोंडाची आतली मोकळी जागा सहा सेंटिमीटर सहा मिलिमीटरच उरते. मध्यम संत्रं आडवं सहा ते सात सेंटिमीटर भरतं. जेमतेम जातं, पण वळीच्या वर गेलं की पुन्हा फुगतं आणि बाटलीच्या बुचासारखं अडकतं. मग कटोरी उचलली की संत्रंही तिच्याबरोबर वर येतं आणि चटईवर काहीच नसतं. कटोरी जोरात आपटून ते पाडता येतं, पण तोवर सगळ्यांना कळलेलं असतं की आत काहीतरी कोंबलं आहे. वळी बाहेरच्या बाजूला वळलेली असेल तर ही भानगडच नाही. त्याच घाटात बाहेरच्या वळीच्या कटोऱ्याही मिळतात, थोड्या महाग असतात, आणि तो फरक द्यावा.

आतल्या वळीचाच संच हातात असेल तर फळ निवडून घ्यावं लागतं. तोंडापेक्षा चार-पाच मिलिमीटर लहान हवं, म्हणजे या संचासाठी सहा सेंटिमीटरच्या आसपासचं. आपल्या संत्र्याची साल सैल असते, हा मोठा फायदा. झाडावरून नुकतं उतरलेलं, टणक, चकाकतं फळ घेऊ नये. दोन-तीन दिवस घरात ठेवलेलं, किंचित मऊ पडलेलं फळ बोटांनी दाबलं की दबतं आणि सुटतानाही कुरकुरत नाही. देठाकडचा उंचवटा वर ठेवायचा, कारण कटोरीही वर निमुळती होत जाते. उलटं ठेवलं तर बूड आत घट्ट बसतं. फळ धुतलं असेल तर कोरडं पुसायचं, ओली साल पितळेला चिकटते.

हंगामाचं गणितही या भांड्यांच्या हिशोबात धरावं लागतं. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यातल्या फुलोऱ्याची, फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची, फेब्रुवारी ते एप्रिल. मे महिन्यात, लोक संध्याकाळी सर्वाधिक बाहेर पडतात तेव्हा, चांगलं संत्रं नसतं. मोसंबी घेऊ नका: साल घट्ट, दाबली तरी दबत नाही, आणि बहुतेक फळं या तोंडात जातच नाहीत. कांदा आकाराला बसतो, पण त्याचे पापुद्रे सुटून चटईवर पडतात आणि पुढच्या खेळात चहाडी करतात. टोमॅटो उन्हात पिशवीत राहिला की लिबलिबीत होतो. उन्हाळ्यात दोन कटोऱ्यांखाली लिंबं आणि मधल्या कटोरीखाली छोटा बटाटा, हे त्यातल्या त्यात बरं. बटाट्यावर लोक हसतात, आणि ते वाईट नाही.

गोळ्यांकडे वळू. संचातल्या चार गोळ्या रबराच्या, वरून लोकरीचं आवरण, अडीच सेंटिमीटरच्या. एका उपड्या कटोरीवर दुसरी ठेवली की दोघींच्या मध्ये जी पोकळी राहते तिच्यात गोळी लपायला हवी. ही पोकळी या संचात सव्वादोन सेंटिमीटर आहे. म्हणजे गोळी आत असताना वरची कटोरी बसत नाही, एका अंगाला कलते. लांबून दिसणार नाही, पण रस्त्यावर लांबून कोण बघतं? पहिल्या रांगेतलं पोरगं लगेच म्हणतं, "भाऊ, ते मधातली उचला न!" संचाच्याच गोळ्या संचातच मावत नाहीत, याचा अर्थ बनवणाऱ्याने खेळ कधी करून पाहिलेला नाही.

यावर इलाज स्वस्त आहे. कापसाचा किंवा बुचाच्या लाकडाचा गाभा घेऊन त्यावर सुती दोऱ्याची क्रोशाची विण घालून घ्यायची, तयार माप दोन सेंटिमीटर. क्रोशा येणाऱ्या कुणालाही एका संध्याकाळी आठ-दहा विणता येतात. सुती गोळी घामट तळव्यातही धरून राहते, रबराच्या गोळीवरची लोकर मात्र घामाने सरकते. शिवाय सुती गोळी भांड्यात पडली तर आवाज करत नाही. रबराची टणकन उडते. रंग लाल ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदला, कारण उन्हात रंग विटतो आणि चार गोळ्या चार छटांच्या दिसायला लागल्या की खेळ संपला. स्पंजच्या गोळ्या घेण्याचा मोह टाळा. उन्हाने स्पंज पिवळा पडतो आणि चिमटीत त्याचा भुगा होतो.

कटोऱ्यांच्या पाठीवर, म्हणजे उपडी ठेवल्यावर वर येणाऱ्या बुडावर, गोळी टेकवायला खोलगट बशी आहे. ती नीट खोल आहे, वाऱ्यातही गोळी घरंगळत नाही. या एका गोष्टीला पूर्ण गुण.

चकाकीचा मुद्दा विकत घेताना कुणाच्या लक्षात येत नाही. कटोऱ्या आरशासारख्या घासून येतात, दुकानात छान दिसतात. पण आरसा दोन्हीकडे दाखवतो. बाहेरच्या चकाकीत तळहाताची आतली बाजू दिसते, आणि तळहाताच्या आत जे लपलेलं असतं तेही. आतल्या चकाकीत संत्र्याचा नारिंगी रंग काठापर्यंत झळकतो. म्हणून नव्या कटोऱ्या आधी काळवंडू द्याव्यात. आतून मुळीच घासू नका. बाहेरून फार कळकट झाल्या तर चिंचेच्या कोळाने हलक्या हाताने, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा; चिंच किंवा पावडर राहिली तर गोळ्यांवर काळे डाग पडतात.

आता ऊन. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपार जातो, आणि पितळ उघड्यावर ठेवलं तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. चार वाजता मांडलेल्या कटोऱ्या सव्वाचारला बोटांना चटका देतात, आणि चटका बसलेलं बोट वेळेवर हलत नाही. त्यात प्रेक्षकाच्या हातात कटोरी तपासायला देणं हा खेळाचा भागच आहे. तिथे चटका बसला की माणूस कटोरी खाली टाकतो. उपाय दोन: साडेपाचच्या आधी मांडू नका, आणि कटोऱ्या ओल्या गमछ्यात गुंडाळून ठेवा, काढताना कोरड्या करा. ॲल्युमिनियमच्या कटोऱ्यांनी हा प्रश्न सुटत नाही, त्याही तापतात आणि वर हलक्या असल्याने वाऱ्यात सरकतात. वजनात पितळेला तोड नाही. एक कटोरी सुमारे दोनशे ग्रॅम, आपटली की खणखणीत वाजते, आणि बर्डीच्या हॉर्नांत घोळका जमवायला तोंडापेक्षा हाच आवाज उपयोगी पडतो.

पत्रा मात्र पातळ आहे. कंबरेच्या उंचीवरून सिमेंटवर पडली तर पोचा येतो. बुडावरचा पोचा चालतो, काठावरचा नाही: काठ दोन मिलिमीटर जरी लांबट झाला तरी संत्रं पुन्हा अडकायला लागतं आणि कटोऱ्या एकीत एक घालताना रुततात. तपासायला सोपं आहे. कटोरी फरशीच्या सपाट तुकड्यावर उपडी ठेवा आणि दोन बोटांनी दाबा; डुलली तर काठ वाकला. घरी हातोडी घेऊन बसू नका, पितळ तडकतं. इतवारीच्या बाजारात भांड्यांचे पोचे काढणाऱ्याकडे न्या, लाकडी मोगरीने काढायला सांगा.

बाकी सामानाबद्दल थोडक्यात. प्लास्टिकची पोकळ कांडी फेकून द्या आणि एक फूट लांबीची लाकडी दांडी घ्या, हातात वजन जाणवायला हवं. मखमली पिशवी इतकी तलम आहे की चटई म्हणून उपयोगाची नाही. जुन्या सतरंजीच्या दोन घड्या आणि वर काळं जाड कापड, साठ सेंटिमीटर चौरस, हे पुरतं. फुटाळ्यावर कापडाच्या चार कोपऱ्यांत नाणी शिवून टाका. पत्रकात गोळ्या पलीकडे नेण्याच्या पाच रीती दिल्या आहेत, सगळ्या टेबलामागे उभं राहून करायच्या. जमिनीवर बसून खेळ करणाऱ्याला प्रेक्षक वरून बघतात, मागूनही बघतात. त्यासाठी पाठीशी भिंत हवी, आणि हातांच्या जागाच बदलाव्या लागतात. त्याबद्दल पत्रकात अक्षर नाही.

जमिनीवर बसूनच करायचं असेल तर आपल्याकडच्या जुन्या घाटाच्या कटोऱ्या बघा: उथळ, घंटेसारख्या, वर शेंडी. शेंडी दोन बोटांत धरून उचलतात, त्यामुळे तळवा मोकळा राहतो आणि बसल्या बसल्या हात कमी उंचावावा लागतो. मात्र त्यांच्यात संत्रं विसरा, लिंबूच जेमतेम.

एका बाबतीत हा संच त्यांच्या पुढे आहे. तिन्ही कटोऱ्या एकीत एक बसतात, गोळ्या सर्वात आतल्या कटोरीत, वर कापड, आणि अर्ध्या मिनिटात सगळं झोळीत. रस्त्यावर हे अर्धं मिनिट महत्त्वाचं असतं. १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात गाणं, नाच, भविष्य किंवा खेळ दाखवण्याच्या मिषाने पैसे मागणं हेही भीक मागण्याच्या व्याख्येत धरलं आहे, त्यामुळे "उचला हे" म्हणणारा कुणीही, कधीही येऊ शकतो. पेटी उघडून कुलपं लावत बसण्याचं सामान अशा वेळी निरुपयोगी.

एकूण पाचपैकी तीन. बाहेरच्या वळीचा असेल तर चार. दुकानात जाताना एक मध्यम संत्रं आणि दोन सेंटिमीटरची एक गोळी खिशात ठेवा. आधी गोळी एका कटोरीच्या पाठीवर ठेवून दुसरी वर ठेवा, कलते का बघा. मग काठाच्या आतून बोट फिरवा, वळी कुठे आहे ते कळेल. मग संत्रं आत सारून कटोरी काउंटरवर उपडी ठेवा आणि सावकाश, सरळ वर उचला. तिन्ही कटोऱ्यांसह करा, कारण एका संचातल्या तीन कटोऱ्यांचीही तोंडं सारखी नसतात. दुकानदार बघत राहील. संत्रं काउंटरवर राहिलं तर पैसे द्या.