सात महिने वापरल्यावर: ग्रो लाइट घेताना आधी ड्रायव्हर बघा

घरातल्या झाडांसाठी 45 वॉटचा पांढरा फुल स्पेक्ट्रम (सगळ्या रंगांचा उजेड देणारा) दिवा, ऑक्टोबरपासून रोज बारा तास. एप्रिलपर्यंत कुणी विचारलं असतं तर बिनधास्त घ्या म्हटलं असतं. मेमध्ये तो लुकलुकायला लागला. सेकंदभर पेटायचा, विझायचा, परत पेटायचा. विक्रेता म्हणतो, वॉरंटी एलईडीला आहे, ड्रायव्हरला (मेनची वीज बदलून एलईडीला पुरवणाऱ्या डबीला) नाही. ड्रायव्हरशिवाय एलईडी पेटतच नाही, तेव्हा ही वॉरंटी फुकट आहे. घेतानाच हे लेखी विचारून घ्या.

असं झालं तर दिवा फेकू नका. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून ड्रायव्हरच्या आउटपुटला लावा. आकडा वरखाली नाचत असेल तर बहुधा ड्रायव्हर गेलाय. आकडा ड्रायव्हरच्या लेबलवरच्या कमाल व्होल्टपाशी स्थिर आणि एलईडीची पट्टी पेटतच नसेल, तर मालिकेतला एखादा एलईडी तुटलाय. स्वस्त दिव्यांच्या आउटपुटलाही थेट मेनचा शॉक बसू शकतो, म्हणून चालू असताना उघड्या सांध्याला बोट लावायचं नाही. प्लग काढून पाच मिनिटं थांबून मगच डबी उघडा. या डबीत कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्याचं) डोकं फुगलं होतं आणि बुडाशी तपकिरी चिकट डाग होता.

आधी संशय व्होल्टेजवर होता, पण खरं कारण उष्णता. या कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंशांमागे साधारण निम्मं होतं. सोलापूरचा मे चाळिशीपार, त्यात कंपनीने ड्रायव्हर हीटसिंकच्या (एलईडीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पाठीवरच चिकटवलाय. एलईडीची सगळी उष्णता वर चढून त्याच डबीत शिरते. यंत्रमागाच्या भागात राहत असाल तर कापसाची बारीक धूळ हीटसिंकच्या फटींत नमद्यासारखी बसते. महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने काढाच.

नवा ड्रायव्हर घेताना जुन्यावरचं लेबल सोबत न्या. यावर 54–84 व्होल्ट, 600 मिलिअँपिअर होतं. मिलिअँपिअरचा आकडा तोच हवा. जास्तीचा लावला तर एलईडी जळतात. व्होल्टची मर्यादा जुन्याइतकी किंवा थोडी रुंद चालते. लाल-काळी वायर उलटी जोडू नका. आणि तो परत पाठीवर न चिकटवता वायर वाढवून, बंद डबीत, फूटभर लांब भिंतीवर लावा. खर्च नव्या दिव्याच्या मानाने किरकोळ येतो.

उजेडाबद्दल मात्र तक्रार नाही. पेठांमधल्या माळवदाच्या घरात, जिथे झरोक्यातून येतं तेवढंच ऊन, तिथे मनी प्लांटला आणि सिंगोनियमला हा भरपूर होतो. फोनच्या लक्स मीटरने (उजेड मोजणाऱ्या अ‍ॅपने) ढोबळ अंदाज येतो: पांढऱ्या एलईडीला 10,000 लक्स म्हणजे साधारण 145 मायक्रोमोल (झाडाच्या कामाचा उजेड मोजायचं माप). पानांच्या झाडांना बारा तास एवढं पुष्कळ झालं. तुळस, पुदिन्याला दिवा खाली आणून 20,000 लक्स आणि चौदा तास द्या. दांडे लांब, किडकिडीत झाले तर आणखी जवळ आणा. वरची पानं फिकट पडली तर वर उचला. जांभळा दिवा घेऊ नका. त्यावर हे लक्सचं गणित चालत नाही आणि त्या उजेडात पानामागचा पिठ्या ढेकूण ही कीडही नीट ओळखू येत नाही.

जाहिरातीतल्या "1000 वॉट"वर जाऊ नका, प्लगला मीटर लावून खरा वॉट बघा. 45 वॉट बारा तास म्हणजे महिन्याला 16 युनिट.

टायमर चक्रीचा नको. वीज गेली की चक्री थांबते, आणि आठवड्यात वेळ दोन-तीन तास मागे पडते. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या. उन्हाळ्यात अंधाऱ्या खोलीत दिवा रात्री आठ ते सकाळी आठ लावा. झाडाला बारा तासांचा अंधार दिवसा मिळाला तरी चालतो, आणि ड्रायव्हरची दुपार वाचते. खोलीत खिडकीचं ऊन येत असेल तर हे करू नका, झाडाला अंधारच मिळणार नाही. तिथे पहाटे पाच ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ, असे दोन तुकडे पाडा.