डोबुइता-दोरीवरचं जॅकेटचं दुकान आणि बाबांचा वाघ

योकोहामाहून केइक्यू रेल्वेने शिओइरीला उतरलं की थोडं चालून डोबुइता-दोरी लागते. योकोसुकाच्या अमेरिकी आरमारी तळाला लागूनच असलेली ही गल्ली. बाबा रत्नागिरीहून आले होते, त्यांना घेऊन तिथल्या एका जुन्या घरगुती दुकानात 'सुकाजान' घ्यायला गेले. युद्धानंतर अमेरिकी सैनिक आठवण म्हणून जॅकेटांवर गरुड, वाघ, ड्रॅगन भरून घ्यायचे, त्यातून हे जॅकेट आलं.

बाबांनी वाघ निवडला, 18,000 येनचा. मालकीणबाईंनी आपणहून सांगितलं की हे भरतकाम कॉम्प्युटरवरचं आहे. कारागिराने मशीनखाली कापड हाताने फिरवत भरलेलं हवं तर दुपटीहून जास्त पडतील. दोन्ही शेजारी ठेवून दाखवली. हातच्या वाघाच्या अंगावर रंग एकात एक विरघळलेले, आमचा जरा सपाट. शिवण मात्र पक्की, आणि उलटं करूनही घालता येतं.

बाबा भारतीय नौदलात 15 वर्षं होते. पैसे देता देता त्यांनी विचारलं, "इथे लिबर्टी (खलाशांची जहाजाबाहेर फिरायची सुट्टी) किती वाजेपर्यंत?" बाई एकदम खुलल्या. पुढचा पाऊण तास आम्ही गिऱ्हाईक उरलोच नाही, चहाही आला.

ऑक्टोबर 2012 मध्ये ओकिनावातल्या बलात्कारानंतर जपानभरच्या अमेरिकी सैनिकांना रात्री 11 ते पहाटे 5 बाहेर राहायची बंदी झाली. जून 2016 मध्ये नौसैनिकांची दारूच बंद केली. ऑक्टोबर 2024 पासून रात्री 1 ते 5 बारमध्ये बसता येत नाही. प्रत्येक वेळी गल्लीचा धंदा बसतो. तरी नियम हवेतच, असं बाई ठामपणे म्हणाल्या. जानेवारी 2006 मध्ये याच शहरात 'किटी हॉक' या अमेरिकी विमानवाहू जहाजावरच्या खलाशाने एका बाईला मारून टाकलं, ते त्या विसरलेल्या नाहीत. त्याला योकोहामाच्या कोर्टात जन्मठेप झाली.

मला खटकतं ते वेगळंच. मी इथे झाइर्यू कार्डाशिवाय (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) घराबाहेर पडू शकत नाही. या सैनिकांना 1960 च्या जपान-अमेरिका करारामुळे पासपोर्ट-व्हिसाचे कायदे लागू नाहीत. ड्युटीबाहेर गुन्हा केला तर खटल्याचा पहिला हक्क जपानचा, पण आरोपी तळावर असेल तर आरोपपत्र होईपर्यंत ताबा अमेरिकेकडेच. खून-बलात्कारात आधी सोपवण्याचा 'सहानुभूतीने विचार' करू, एवढंच 1995 मध्ये कबूल झालं. एवढ्यावर समाधान मानावं असं मला वाटत नाही. बाबांना तर पटलंच नाही. त्यांच्या वेळी गँगवेवर (जहाजावर चढायच्या शिडीवर) यायला उशीर झाला की पुढच्या बंदरातली लिबर्टी गेली.

दुकानाला माझ्याकडून पाचपैकी पाच. माप जपानी आहे, एक नंबर मोठंच घ्या. रोख पैसे न्या. आणि दुपारी जा, तेव्हा बाईंना बोलायला सवड असते.