तो म्हणाला ‘अलाउ’ करा, आणि मी केलं

तहसील कचेरीसमोर आमचं डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. बारा वर्षं कॉम्प्युटरवरच पोट चालतं, तरी मी फसलो. सगळं सविस्तर लिहितोय, कारण अशी दुकानं गावोगावी आहेत आणि सुरक्षा सॉफ्टवेअरची ती खिडकी कधी ना कधी सगळ्यांपुढे येते: अमुक प्रोग्रॅम रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे ठेवतं तिथे) बदल करू पाहतोय, अलाउ की डिनाय?

माझ्या फसण्याचं मूळ जुनं आहे. दोन वर्षांपूर्वी नवा प्रिंटर घेतला. ड्रायव्हर टाकताना हाच इशारा चार-पाच वेळा आला आणि मी घाबरून प्रत्येक वेळी डिनाय केलं. ड्रायव्हर अर्धवट बसला. ऐन दाखल्यांच्या दिवसांत बाहेर रांग लागलेली आणि प्रिंटरमधून पान निघेना. अख्खी दुपार गेली. तेव्हापासून हात आपोआप अलाउवर जायला लागला, वर काय लिहिलंय ते वाचणंच सुटलं.

यंदा मे महिन्यात एका गिऱ्हाइकाला कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये करून हवी होती. फुकटचा कन्व्हर्टर शोधला, सगळ्यात वर जाहिरात होती तिच्यावरच क्लिक केलं. फाइल उतरवून उघडली, तर थोड्या वेळात पडदाभर लाल पान आणि भोंगा. व्हायरस सापडला आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा. टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रॅम दाखवणारी आणि बंद करू देणारी विंडोजची खिडकी) उघडून ब्राउझर बंद केला असता तर ते पान तिथेच मिटलं असतं. मी फोन लावला.

पलीकडचा माणूस अतिशय नम्र. हिंदीत बोलत होता, दर वाक्याला ‘सर’. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबायला लावली आणि एकेक अक्षर सांगून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला लावला. ‘ई फॉर एलिफंट, व्ही फॉर व्हिक्टरी...’ उघडल्यावर लाल खुणांची रांगच्या रांग दिसली. ‘देखिए सर, ये सब इन्फेक्शन है.’ माझे हातपाय गार पडले. नंतर पुतण्याच्या कोऱ्या लॅपटॉपवर तेच उघडून पाहिलं, तिथेही तशाच खुणा. बारीकसारीक चुकांची ती रोजची नोंद असते, धडधाकट मशीनवरही दिसते.

मग त्याने दुरून मशीन हातात घेण्याचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं. माऊस माझ्यासमोर आपोआप फिरू लागला. तेवढ्यात आमच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा इशारा आला. तो म्हणाला, ‘सर, ये तो नॉर्मल है, अलाउ कर दीजिए, और नीचे टिक भी लगा दीजिए.’ ही टिक म्हणजे ‘माझा निर्णय लक्षात ठेवा’. ती केली की पुढे त्या प्रोग्रॅमच्या तशाच बदलाबद्दल विचारणाच होत नाही.

माऊस त्याच्या हातात होता, तरी ते बटण तो मलाच दाबायला सांगत होता. तेव्हा हे खटकलं नाही. काही सुरक्षा सॉफ्टवेअर आपल्या इशाऱ्यावर दुरून आलेली क्लिक घेतच नाहीत, समोर बसलेल्या माणसानेच बटण दाबावं लागतं. त्याला माझं बोट हवं होतं आणि ते मी दिलं. एकूण तीन वेळा.

त्या तीन खिडक्यांत काय होतं ते नंतर सुरक्षा सॉफ्टवेअरच्या नोंदीत वाचलं. पहिला बदल ‘रन’ नावाच्या कप्प्यात होता. तिथे ज्याचं नाव चढतं तो प्रोग्रॅम दर वेळी लॉग-इन झाल्यावर आपोआप सुरू होतो. आधी तिथे काहीच नव्हतं, आता ‘एसव्हीसी-होस्ट’ नावाची फाइल. नाव विंडोजच्याच फाइलचं, पण पत्ता ‘ॲपडेटा’मधल्या ‘रोमिंग’ फोल्डरचा. खरी फाइल विंडोजच्या ‘सिस्टम ३२’मध्ये असते. दुसरा बदल प्रॉक्सीचा, म्हणजे इंटरनेटची वाटच दुसरीकडून वळवलेली. तिसऱ्याने टास्क मॅनेजर बंद केला.

तहसीलसमोर बसणाऱ्या मला हे कळायला हवं होतं. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचं दप्तर आणि तो इशारा म्हणजे फेरफाराची नोटीस. नोटीस आली की गट नंबर कोणता, कोणाचं नाव चढतंय, कोणाचं कमी होतंय हे आपण डोळे फाडून बघतो. इथेही तेच बघायचं असतं: बदल कोण करतोय, त्याची फाइल कुठे आहे, आणि आत्ता मी स्वतः काही इन्स्टॉल करतोय का. करत नसेन तर डिनाय. डिनायने चुकून ड्रायव्हर बिघडला तरी पुन्हा टाकता येतो, माझी एक दुपारच गेली होती. आणि फोनवरचा माणूस अलाउ म्हणत असेल तर फोन ठेवायचा, नेटची वायर उपटायची.

‘वर्षभराच्या सर्व्हिस’चे ४,९९९ रुपये मी यूपीआयने स्वतःच्या हाताने पाठवले. रात्री मशीन चालूच राहिलं आणि सकाळी बिल भरण्याच्या पोर्टलच्या वॉलेटमधून १८,६०० रुपये गेलेले. पासवर्ड ब्राउझरमध्येच जतन होता. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, ५,२०० रुपये पुढच्या खात्यात रोखले गेलेत, बाकी पैशांचा पत्ता नाही. रात्रीच फोन केला असता तर अजून थोडे वाचले असते असं मला राहून राहून वाटतं. पासवर्ड सगळे दुसऱ्या मशीनवरून बदलले, विंडोज नव्याने टाकलं.

पैशांपेक्षा एक गोष्ट जास्त जाळते आहे. त्या मशीनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये गिऱ्हाइकांची आधार कार्डं, पासबुकाची पहिली पानं पडून होती. लोकांनी विश्वासाने दिलेली. ती कुठे गेली ते मला सांगता येणार नाही. वहीत नंबर होते त्या सगळ्यांना मी फोन केले, काही जण रागावले, त्यांचं बरोबर आहे. आता काम झालं की गिऱ्हाइकासमोरच स्कॅन पुसतो. मे महिन्यात आमच्याकडे कागद दिलेले आणि ज्यांना माझा फोन गेला नाही, त्यांनी आधारच्या अधिकृत ॲपवरून बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करून घ्या, पैसे लागत नाहीत. जमत नसेल तर दुकानात या, मी करून देतो.