तन्मणी आणि कुड्या: मुंबईचा उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

लग्नसराईत घेतलेला तन्मणी आणि मोत्याच्या कुड्या मी तेव्हापासून नेमाने वापरतेय. कुड्या तर ऑफिसलाही घालते, म्हणजे लोकलची गर्दी, मे महिन्याचा घाम आणि जुलैची दमट हवा या सगळ्यातून त्या गेल्या आहेत. घेताना गोलाई आणि आकारापेक्षा मोत्याचं पाणी, म्हणजे त्याचं तेज, आणि घडणीची पद्धत यांवर मी भर दिला होता. तो निर्णय बरोबर होता, हे आता खात्रीने सांगू शकते.

झवेरी बाजारात आणि दादरला बरीच दुकानं पाहिली. बहुतेक ठिकाणी काउंटरवर पिवळे स्पॉटलाइट असतात आणि त्या उजेडात साधा मोतीही चमकतो. म्हणून सर उचलून दाराशी न्यायचा, पांढऱ्या रुमालावर ठेवायचा आणि दिवसाच्या उजेडात पाहायचा. कुठला दुकानदार याला नाही म्हणाला नाही. चांगल्या मोत्यात समोरच्या वस्तूचं प्रतिबिंब जवळजवळ रेखीव दिसतं. हलक्या मोत्यात नुसता धुरकट पांढरा ठिपका. मोती म्हणजे अ‍ॅरॅगोनाइट या खनिजाचे एकावर एक बसलेले अतिशय पातळ थर. ते दाट आणि एकसारखे असतील तरच चमक आतून आल्यासारखी वाटते, आणि असा मोती वापरानेही लवकर मंदावत नाही.

माझे मोती गोड्या पाण्यातले, चीनमध्ये शेती केलेले आहेत. काही जण हे ऐकून नाक मुरडतात, ते मला पटत नाही. या मोत्यांसाठी शिंपल्यात बहुधा मणी घालत नाहीत, दुसऱ्या शिंपल्याच्या पडद्याचा, म्हणजे आतल्या मऊ आवरणाचा तुकडा घालतात, त्यामुळे मोती जवळजवळ सगळाच थरांचा बनतो. जपानी अकोया मोत्यात मधे शिंपल्याचा मणी असतो आणि वरचा थर पातळ निघाला तर भोकाच्या कडेला तो सोललेला दिसतो. अकोयाची झळाळी अप्रतिम असते, पण रोजच्या वापरासाठी माझी पसंती गोड्या पाण्याच्या मोत्यालाच.

‘बसरा’ हा शब्द मात्र सावधपणे ऐका. बसरा म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती, ते एकेकाळी मुंबईच्याच बाजारात येत. जपानमध्ये मिकिमोतो यांनी 1893 मध्ये पहिला अर्धगोल संवर्धित, म्हणजे शेती करून वाढवलेला मोती मिळवला. पुढे संवर्धित मोत्यांनी बाजार भरला आणि 1930 च्या दशकात आखातातला तो व्यापार कोसळला. आज खरा बसरा मिळतो तो जुन्या दागिन्यांतून, आणि त्याची किंमतही तशीच असते. नैसर्गिक की संवर्धित हे एक्स-रे तपासणीशिवाय पक्कं सांगता येत नाही, त्यामुळे बसऱ्याचे पैसे मोजणार असाल तर प्रयोगशाळेचा दाखला हवाच.

खोटा मोती ओळखायला दोन मोती एकमेकांवर हलके घासून बघा. खरे किंचित खरखरीत लागतात, काचेचे-प्लास्टिकचे गुळगुळीत सरकतात. भोकाशी रंग साचलेला दिसला तर मोती रंगवलेला असण्याची शक्यता मोठी. हॉलमार्क फक्त सोन्याची शुद्धता सांगतो, मोत्याबद्दल काहीच नाही. शिवाय 2 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला तो सक्तीचाही नाही, म्हणजे नथ आणि छोट्या कुड्या बऱ्याचदा त्यातून सुटतात. म्हणून बिलावर सोन्याच्या कॅरेटबरोबर ‘गोड्या पाण्याचे संवर्धित मोती’ असं स्पष्ट लिहून घ्या.

आता वापराबद्दल. कुड्यांसाठी मी मुद्दाम बटन मोती घेतले. मागून चपटे असल्याने ते कानाला नीट बसतात आणि ओढणीत अडकत नाहीत. माझे मोती तारेत ओवलेले आहेत, एकही हललेला नाही. जाऊबाईंच्या जोडात ते नुसते चिकटवलेले होते, पावसाळ्यात त्यातला मधला मोती निघून आला. घेताना कुडी उलटी करून बघा, तार दिसली पाहिजे.

तेजात मला अजून फरक दिसत नाही, पण त्यासाठी शिस्त लागते. मोत्याला आम्ल सोसत नाही. घाम, परफ्यूम, हेअरस्प्रे, लिंबू सगळंच त्याला बाधतं. म्हणून मोती सगळ्यात शेवटी घालायचे आणि घरी आल्यावर आधी काढायचे, मग मऊ ओलसर फडक्याने पुसून वाऱ्यावर सुकवायचे. ते मऊ असल्याने सोन्याच्या बांगड्यांसोबत एकाच डबीत टाकले तर चरे पडतात. मी मलमलीच्या कापडात गुंडाळून आडवे ठेवते. सोडा, टूथपेस्ट किंवा सोनाराकडचं दागिने साफ करायचं कंपनाचं मशीन मोत्यांना अजिबात नको.

तन्मण्याची खरी कमजोर जागा म्हणजे दोरा. मानेकडच्या बाजूला घामाने तो पिवळट झालाय आणि ताणून मोत्यांमधे फटी दिसू लागल्यात, मोती मात्र जसेच्या तसे आहेत. दिवाळीआधी पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने ओवून देणाऱ्याकडे नेऊन रेशमी दोऱ्यात, प्रत्येक मोत्यामागे गाठ मारून तो पुन्हा गाठवून घेणार आहे. गाठींमुळे एखादा मोती सुटला तरी बाकीचे विखुरत नाहीत आणि मोती एकमेकांवर घासतही नाहीत. फक्त लांबी थोडी वाढते, त्यामुळे तन्मणी गळ्यालगत बसवायचा असेल तर दोन-तीन मोती काढून ठेवावे लागतील. ते परत मागून घ्यायचे, पुढे एखादा बदलायला तेच उपयोगी पडतात.